उरलेल्या रिळातलं गाणं

लग्न होऊन वरोऱ्याला आले तेव्हा माझ्या रुखवतात टेपरेकॉर्डर होता. शिलाई मशीन द्यावी असं आईचं म्हणणं होतं, पण मी हट्टाला पेटले. चंद्रपूरची मुलगी, कॉलेजात शिकलेली, गाण्यांवाचून राहणार नाही, हे मी सगळ्यांना आधीच ऐकवून ठेवलं होतं. सासरी कुणी वावगं बोललं नाही. सासूबाईंनी टेपरेकॉर्डरवर धुतलेला रुमाल अंथरला आणि त्यावर फुलदाणी ठेवली. म्हणजे ऐकायचं तर आधी फुलदाणी उचला, मग रुमालाची घडी करा. आठवडाभर मी निमूट उचलली, मग फुलदाणी खिडकीत नेऊन ठेवली. ती तिथंच राहिली.

नव्वदीची सुरुवात होती. बसस्टँडवरून कापसाच्या बाजाराकडे जाताना सायकल दुरुस्तीचं एक दुकान लागायचं आणि त्याला खेटून कॅसेटचं. रुंदी इतकी कमी, की दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यावरच उभं राहावं. मालकाला सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले. पन्नाशीचा, बारीक, कानात अत्तराचा बोळा, आणि धूळ दिसली की कपाळाला आठी. वरोऱ्यात सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या चालू झाल्या की हवेत कापसाची म्हव, म्हणजे बारीक तंतू, तरंगते, ती त्यांच्या यंत्रांत जाऊन बसायची. चाचा दिवसभर स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा घेऊन पुसत असायचे आणि साऱ्या कापसाला शिव्या घालायचे.

त्या दुकानाचा पहिला नियम, ऐकल्याशिवाय कॅसेट घ्यायची नाही. "वहिनी, आधी आयका, मंग घ्या. घरी नेऊन पस्तावाल अन् मले बोल लावाल." आता हे ऐकणं म्हणजे कानाला काही लावून गुपचूप ऐकणं नव्हे. दाराबाहेर टांगलेला मोठा स्पीकर, त्यातून वाजायचं. तुम्ही काय मागितलं ते सायकलवाला ऐकणार, समोरचा पानवाला ऐकणार, बाजारातून बैलगाडी घेऊन जाणारा शेतकरीही मान वळवून बघणार की एवढं रडकं गाणं कुणी लावलं. मी नवी नवरी. मी घरी पोचायच्या आत माझी आवडनिवड घरी पोचलेली असायची. "आज लय दर्दभरं घेतलं म्हनतात तू," सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

तयार कॅसेटपेक्षा लोक भरून घेतलेल्या कॅसेट जास्त नेत. कोरी कॅसेट घ्यायची, कोणती गाणी हवीत ते सांगायचं, दोन दिवसांनी भरलेली मिळायची. यात चाचांची एक खोड होती. तुमची गाणी संपली आणि त्या बाजूला थोडं रीळ उरलं, तर ते कोरं सोडायचं नाही. त्या दिवशी हाताशी जे असेल, ते उरलेल्या जागेत बसेल तेवढं भरायचे. गाणं अर्ध्यात तुटलं तर तुटलं. सांगायचे नाहीत, कव्हरवर लिहायचे नाहीत.

पहिल्यांदा मी भांडायलाच गेले. माझ्या आवडीच्या गाण्यांनंतर एकदम सनई लागली होती, ती पण मध्येच तुटलेली. मी म्हटलं, मी सांगितलं नव्हतं ते का भरलं?

"रिकामं रीळ देनं मले नाई जमत," चाचा म्हणाले. "ऐकाले कसं वाटलं?"

"बरं वाटलं."

"मंग काऊन भांडून राह्यल्या?"

 दुसऱ्या आठवड्यात मी पूर्ण सनई मागायला गेले. कव्वाली मला अशीच सापडली, दक्षिणेकडची वीणा अशीच, एका म्हाताऱ्या बाईचा नुसत्या एकतारीवरचा आवाजही असाच. माझी मुलगी आता म्हणते, आई, फोनमध्ये सगळं असतं. असेल. पण फोनला आधी सांगावं लागतं काय हवं ते, आणि एकदा सांगितलं की तो त्या गाण्याच्याच भावंडांना पुढं करतो. मला काय हवं ते मला माहीतच नव्हतं. त्या चिंचोळ्या दुकानात कुणी तरी कुठून तरी काही आणून देत होतं, ते चाचांच्या हाताशी पडून राहत होतं, आणि माझ्या रिळात जागा उरली होती म्हणून माझ्याकडे येत होतं. या उपकाराला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

घरात मात्र या खोडीनं घात केला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गुरुवारच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. त्यांच्यासाठी मी भजनांची कॅसेट भरून आणली होती. सत्यनारायणाच्या दिवशी पाहुणे जेवायला बसले, नवऱ्यानं ती मोठ्या हौसेनं लावली, भजनं संपली, आणि द्रोणांत मठ्ठा वाढत असताना जोरदार टाळ्यांची कव्वाली सुरू झाली. पूजा सांगायला आलेल्या महाराजांचा घास हातात राहिला. मामाजी खाली मान घालून जेवत राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं. नवरा मात्र तापला. तेव्हापासून घरात दंडक झाला, भजनं संपली की जो जवळ असेल त्यानं ताबडतोब बटण दाबायचं.

मामाजी जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होते. उंचेपुरे, कमी बोलणारे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दिवसभर हूं की चूं नाही, पण संध्याकाळी हातपाय धुतले की ओसरीवर सासूबाईंजवळ बसायचे आणि दिवसभरातलं सगळं त्यांना सांगायचे. कुणाची गाडी अडली, कुणाच्या कापसात पाणी निघालं, मुकादम कसा तोंडावर पडला. हळू आवाजात, फक्त त्यांना. सासूबाई हसायच्या, मधेच "काय म्हनता जी" म्हणायच्या. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. माझा नवरा भद्रावतीच्या फॅक्टरीतून बसनं यायचा तो थेट आडवा व्हायचा.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी मामाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. महिनाभरानं चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. बरं. चहा देऊ का? बरं. दुखतंय का? बरं. चिडले की पलंगाच्या पाटीवर डावा हात आपटून, बरं, बरं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडानं बरं. मी आजवर ऐकलेला सगळ्यात वाईट शब्द तो आहे.

सासूबाई संध्याकाळी सवयीनं त्यांच्याजवळ जाऊन बसायच्या. आता बोलायचं काम त्यांच्यावर आलं होतं आणि त्यांना ते येत नव्हतं. त्या आयुष्यभर ऐकणाऱ्या. थोडं इकडचं तिकडचं सांगून गप्प व्हायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मले शिव्या दिल्या तरी चालंल वो बाई. पन मले काई तरी बोलले पायजे. मी कोनासंगं राहून राह्यली, मलेच समजत नाई." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. 

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा, त्यांच्या आवडीची गाणी ऐकवा, कधी कधी गाण्यानं जीभ सुटते. आवडीची म्हणजे भजनंच, यावर घरात कुणाला शंका नव्हती. मी भजनं लावली. मामाजी भिंतीकडे बघत राहिले. मी चाचांकडे गेले आणि सगळं सांगितलं. चाचांनी हातातला बोळा खाली ठेवला.

"मामाजी मूळचे कुठले?"

"इथलेच," मी म्हटलं. मला तसंच माहीत होतं.

मग चाचांनी इथल्या माणसाला जे जे आवडेल ते सगळं काढलं. जुनी सिनेमाची गाणी, गवळणी, पोवाडे, बासरी. मी दर आठवड्याला एक कॅसेट न्यायची आणि मामाजी ऐकून म्हणायचे, बरं. दुकानात पाय ठेवला की चाचा भुवया उंचावून विचारायचे, मी मान हलवायची. सायकलवाल्यालाही एव्हाना सगळं कळलं होतं. तोही सुचवायचा, एकदा तर त्यानं स्वतःची कॅसेट आणून दिली. सगळ्या गल्लीनं जणू मामाजींची जीभ सोडवायचं मनावर घेतलं होतं.

शेवटी मी कंटाळून पुन्हा भजनांवर आले. नवी भजनं भरून आणली. त्या दुपारी मामाजींना उशांना टेकवून बसवलं, कॅसेट लावली आणि मागं भाकरी करायला गेले. सासूबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. भजनं संपली. माझे हात पिठात, त्यांच्या मांडीवर सूप. बटण कुणीच दाबलं नाही.

आधी खूप लोकांचा गलका ऐकू आला, कुणाचं तरी खोकणं, रडणारं पोर. मग पेटी आणि ढोलकी. मग एका पुरुषाचा बाईसारखा बारीक काढलेला आवाज.

*दिवा लावला, वाट पाह्यली, कुठी राह्यला रे धनी?*

मी मनात चाचांना दोन शब्द हासडले आणि हात धुवायला उठले. तेवढ्यात मला दुसरा आवाज ऐकू आला. तीच ओळ, जरा मागून, फाटका, जड. मला वाटलं, टेप ओढला जातोय. मी खोलीच्या दारात आले.

मामाजी गात होते. बोबडं नाही, अडखळत नाही, एकेक शब्द स्वच्छ. डावा हात कानामागं नेऊन ते डोक्यावरचा पदर सारखा करत होते. पदर नव्हता, पण मला तो दिसला. मान एका बाजूला कललेली, डोळे दाराबाहेर वाट बघणारे. माझे सासरे, काट्यावरचे, इस्त्रीच्या शर्टातले. ओळ पुन्हा आली, ते पुन्हा गायले, आणि धनीवर आवाज लांबवून थांबले.

खट्. रीळ संपलं होतं.

मामाजी थांबूनच राहिले. हात तसाच पदराशी. त्यांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. कुणाची तरी वाट बघत होते. मग हात खाली आला आणि ते म्हणाले, "बरं." मी दाराची चौकट धरून रडले.

सासूबाई केव्हा तरी माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी वळले तेव्हा त्या परसात निघाल्या होत्या. मी मागोमाग गेले. त्या धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या आणि पदर तोंडात कोंबला होता. मग पदर काढून सांगू लागल्या.

मामाजी वरोऱ्याचे नव्हतेच. वैनगंगेच्या पल्याडचे, आरमोरीकडच्या एका खेड्यातले, झाडीतले, म्हणजे धानाच्या जंगली मुलखातले. तिकडं धान निघालं, दिवाळी झाली की गावोगावी दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, उभी राहते. पुरुषच नाचतात, पुरुषच गातात, आणि बाईचं काम करायलाही पुरुषच. मामाजी बाईचं काम करायचे. सासूबाई शेजारच्या गावच्या.

"मी त्यायले पयले बाई म्हनूनच पाह्यलं," त्या म्हणाल्या. "माही माय म्हने, कोनाची पोरगी आहे वो, किती सोज्वळ. मंग समजलं. मंग त्याच घरून मागनं आलं."

लग्नानंतर जिनिंगच्या कामासाठी इकडं आले. कापसाच्या मुलखातल्या लोकांना झाडीच्या बोलीचंही हसू यायचं. त्यात गावाकडच्या एका हमालानं काट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, हा गडी लुगडं नेसून नाचायचा. मग काय, रोज टाळ्या, रोज शिट्ट्या. मामाजींनी त्या दिवसापासून गाणं बंद केलं. सासूबाईंना पोराची आण घातली, या घरात दंडारीचं नाव निघता कामा नये. म्हणून भजनी मंडळात ते टाळ वाजवायचे. तोंड कधी उघडलं नाही.

"आन होती न वो," त्या म्हणाल्या. "तू एकेक कॅसेट आनाची, मी पाह्यची, अन् गप राह्यची."

मी त्यांच्यावर रागावणार होते. रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी तिथं उभी. पूर्ण गाणं पाहिजे, मी म्हटलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंड पाडलं. ती कॅसेट जिनिंगच्या हंगामाला आलेल्या एका मजुराची होती. त्यानं गावच्या दंडारीसमोर टेप ठेवून भरली होती आणि रीळ गुंतलं म्हणून नीट करायला दिली होती. चाचांनी नीट केली, वाजते का बघायला लावली, आणि माझ्या भजनांमागं उरलेलं रीळ तेवढ्यात भरून घेतलं. हंगाम संपला, मजूर कॅसेट घेऊन गावी गेला. गाव कोणतं? चाचा स्वतःवरच चिडले. "आता दिवाळी झाल्याशिवाय कोनी येत नाई, वहिनी. मी सांगून ठेवतो सगळ्याइले."

दिवाळीला उभा उन्हाळा आणि आख्खा पावसाळा होता.

आम्ही तेवढंच गाणं लावत राहिलो. मामाजी दर वेळी गायचे, पदर सारखा करायचे, आणि खट् झालं की वाट बघायचे. ते गाणं सवाल-जवाबाचं होतं. बाईनं विचारायचं, धन्यानं उत्तर द्यायचं, मग बाईनं पुढं. उत्तर आल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नव्हतं. ते वाट बघणं मला सोसेना. सासूबाई तर गाणं लागलं की परसात जायच्या. मी त्यांना विचारलं, पुढं काय आहे? "मले काय माईत," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या, त्यावरून मला कळलं. दंडारीत बाया कडेला बसून बघतात. बाई कधी गात नाही. सासूबाई तर घरातल्या आरतीलाही नुसते ओठ हलवायच्या. त्यांना सुनेसमोर लाज वाटत होती. मग मी शहाणपणा केला. गाणं लावायचं आणि पिशवी घेऊन भाजीला जाते म्हणून बाहेर पडायचं, असं सुरू केलं. कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची.

असं किती दिवस चाललं ते आठवत नाही. एका संध्याकाळी मी कोपऱ्यावरून परतले, चपला अंगणातच काढल्या. आत गाणं संपत आलं होतं. खट् झालेलं मी ऐकलं.  मी तुळशीजवळ थांबले. आणि आतून एक आवाज आला, घाबरलेला, सुरात नसलेला, मधेच घसा खाकरून पुन्हा उचललेला.

*बांधीत आहो वो, पानी पाह्यतो, येतो तुह्या अंगनी.*

सासूबाई धनी झाल्या होत्या, धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, पाणी बघणारा धनी.  मग मामाजींचा आवाज वर चढला आणि त्यांनी पुढचं कडवं उचललं. जे आमच्या रिळात नव्हतं ते. मी कधीच ऐकलेलं नव्हतं ते. मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले आणि दोघांचं पूर्ण होईपर्यंत उठले नाही.

बोलणं त्यांना पुढंही आलं नाही. दिवसभर तोच एक शब्द, बरं. पण रोज संध्याकाळी, पूर्वी ज्या वेळी ओसरीवर बसायचे त्या वेळी, ते विचारायचे कुठी राह्यला, आणि त्या सांगायच्या येतो. सासूबाईंच्या सुरात फारशी सुधारणा झाली नाही. नवऱ्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो बसच्या थकव्यानं आडवा झाला होता, तो उठून बसला. त्या दिवसापासून तो आल्या आल्या झोपेनासा झाला. काट्यावरच्या गोष्टी नव्हत्या त्याच्याकडे, पण फॅक्टरीतल्या होत्या. त्या तो मला सांगू लागला.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या आणि चाचा स्वतः आमच्या दारात आले. एरवी शुक्रवारच्या नमाजाशिवाय दुकान सोडून न जाणारा माणूस. त्यांनी येणाऱ्या प्रत्येक मजुराला विचारून तो माणूस शोधला होता आणि पूर्ण दंडार नव्या कॅसेटवर भरून आणली होती. दोन्ही बाजू काठोकाठ. मी चहा केला. मामाजींनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "बरं, बरं." त्या वेळचा बरं मला वाईट वाटला नाही.

चाचा गेल्यावर मी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. सासूबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याच्यात जवाब दुसराच मानूस देते."